मंदीनंतरची मजुरी

तेजी आणि मंदी हे शब्द व्यापाऱ्यांच्या पेढीवर जन्मास आले. परंतु त्यांचा खरा अर्थ ज्यांना अंगावर सोसावा लागतो, त्यांची वस्ती पेढीपासून फार दूर असते. मंदी आली म्हणजे कारखान्याच्या दाराला कुलूप पडते, कामगार घरी बसतो, घरातील भांडे गहाण पडते, आणि पुढे एके दिवशी पहाटे कारखान्याचा भोंगा पुन्हा वाजतो. माणसे आनंदाने दारापाशी गोळा होतात. यंत्र तेच, कामाचे तास तेच, जॉबरचा आवाजही तोच. बदललेला असतो तो केवळ पगाराचा आकडा. संपाचा पहिला दिवस इतिहासात नोंदला जातो, त्यातील सभा व मिरवणुका यांची वर्णने होतात. कामावर परतण्याचा दिवस मात्र बहुधा विस्मृतीत जातो. वस्तुतः मंदीचे ओझे अखेर कोणाच्या खांद्यावर पडले, याचा निवाडा त्या परतण्याच्या दिवशीच होत असतो. महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासात असे दिवस अनेक वेळा उगवले. त्यांपैकी १९२३ ते १९३८ या पंधरा वर्षांतील प्रसंग विशेष बोधप्रद आहेत.

या कथेचा आरंभ मुंबईतून न करता जालन्यापासून करणे योग्य होय. कुंडलिकेच्या काठी वसलेले हे गाव फार दिवसांपासून पेठ म्हणून नावाजलेले. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात आजही ऐकू येते. निजामाच्या राज्यात असलेल्या या गावाला १९०० साली हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेने मनमाडशी जोडले. त्यापूर्वी बैलांच्या तांड्यांवर व गाड्यांवर चालणारा कापसाचा व्यापार आता आगगाडीवर चढला. जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने निघाले, सरकी निराळी झाली, रुईच्या गाठी बांधल्या गेल्या. या गाठी अरुंद रुळांवरून मनमाडपर्यंत आणि तेथून रुंद रुळांवरून मुंबईकडे जाऊ लागल्या. जालन्याच्या पेठेत व्यवहार हाली शिक्क्याचा, तर मुंबईच्या बाजारात कलदार रुपयाचा. तथापि भाव ठरे तो मुंबईत, आणि मुंबईचा भाव ठरे तो लिव्हरपूल व ओसाका येथील मागणीवर. अंबड किंवा भोकरदनच्या शेतकऱ्याने ज्या शहराचे नावही ऐकलेले नव्हते, त्या शहरातील उलाढालीने त्याच्या सुगीचे मोल होऊ लागले.

येणेप्रमाणे एकाच धाग्याची दोन टोके दोन माणसांच्या हाती आली. एका टोकाला काळ्या रानातून कापूस वेचणारा कुणबी, दुसऱ्या टोकाला परळ-लालबागच्या गिरणीत मागावर उभा असलेला विणकर. हा विणकर तरी मूळचा कोण? तोही बहुतांशी शेतकरीच. रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर, कोल्हापूर या भागांतून जमिनीच्या तुकड्यावर पोट भरेना म्हणून तो मुंबईस आलेला असे. त्याची बायकामुले पुष्कळदा गावीच राहत. दरमहा पाठविलेल्या मनीऑर्डरीतून गावचा सारा, सावकाराचे व्याज व घरची मीठमिरची चाले. गिरणीतील पगार हा एका माणसाचा पगार नव्हता. मुंबईतील खानावळ व खोली आणि कोकणातील वा घाटावरील घर, अशा दोन संसारांचा तो आधार होता. पगारकपातीचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली व ती १८५६ मध्ये चालू झाली. पुढील सत्तर वर्षांत गिरण्यांची संख्या ऐंशीच्या आसपास गेली आणि दीड लाखांच्या घरात माणसे त्यांत राबू लागली. पहिल्या महायुद्धाच्या काळात महागाई अनावर झाली. तेव्हा मूळ दरात वाढ करण्याऐवजी मालकांनी त्यावर महागाईचा भत्ता देण्याची पद्धत १९१७ पासून सुरू केली. १९१९ आणि १९२० च्या मोठ्या संपांनंतर हा भत्ता वाढत वाढत मूळ दरावर शेकडा ७० ते ८० पर्यंत पोहोचला. कामगाराच्या दृष्टीने मूळ दर व भत्ता मिळून त्याचा पगार; मालकांच्या दृष्टीने मात्र भत्ता ही तात्पुरती सवलत. एकाच रकमेकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी पुढील सर्व कलहांच्या मुळाशी आहेत. भत्ता काढून घेणे म्हणजे पगार कापणे नव्हे, असे म्हणण्याची सोय त्या हिशेबातच करून ठेवलेली होती.

युद्धानंतरची तेजी १९२२ च्या सुमारास ओसरली. तिचा पहिला तडाखा अहमदाबादेत बसला. तेथील मालकांनी १९२३ साली शेकडा २० कपात जाहीर केली. कामगार सुमारे दोन महिने संपावर राहिले व अखेर शेकडा १५ हून थोडी अधिक कपात पत्करून कामावर गेले. पराभव उघड होता. तथापि अहमदाबादेत १९१८ च्या लढ्यापासून महात्मा गांधींनी घालून दिलेली लवादाची परंपरा होती, आणि अनसूयाबेन साराभाई यांच्या नेतृत्वाखालील मजूर महाजन संघ शाबूत होता. या संघाने कापलेल्या रकमेची मागणी सोडली नाही. पुढे १९२९ साली लवादाच्या सरपंचांनी कपातीचा काही भाग परत देण्याचा निर्णय दिला. सहा वर्षे लागली, पूर्ण रक्कमही मिळाली नाही. परंतु कपातीचा हिशेब कोठे तरी लिहून ठेवलेला होता आणि तो पुन्हा उघडता आला, ही गोष्ट लहान नव्हे.

मुंबईत १९२५ साली घडलेला प्रसंग याहून निराळा आहे. मालकसंघाने सप्टेंबरपासून पगारात शेकडा साडेअकरा कपात जाहीर केली. कारण सांगितले ते जपानची स्पर्धा, साठलेला माल आणि सरकारने हिंदी कापडावर बसविलेली शेकडा साडेतीन जकात. ही जकात १८९६ पासून लँकेशायरच्या हितासाठी चालू होती आणि तिच्याविरुद्ध हिंदी राष्ट्रीय पुढारी व गिरणीमालक एकमुखाने बोलत आले होते. सप्टेंबरच्या मध्यापासून सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. पुष्कळांनी बोटीने कोकणचा वा आगगाडीने घाटाचा रस्ता धरला. मुंबईत उरले त्यांनी वाण्याच्या उधारीवर दिवस काढले. अडीच महिने गेले. डिसेंबरच्या आरंभी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी वटहुकुमाने जकात तहकूब केली, मालकांनी कपात मागे घेतली आणि कामगार जुन्याच पगारावर परत आले. दुसऱ्या वर्षी जकात कायमची रद्द झाली. या प्रसंगातून एक गोष्ट स्पष्ट झाली. धंद्यावरचा बोजा खरा असला, तरी तो कामगाराच्या पगारातूनच उतरविला पाहिजे असे नाही. तो कोणी लादला याचा शोध घेतला, तर उतरविण्याची दुसरी जागाही सापडते. मात्र ती जागा सापडण्यासाठी दीड लाख कुटुंबांना उपास काढावे लागले.

त्यानंतर आलेला १९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने चालला. त्यात प्रश्न केवळ दराचा नव्हता. एका कामगाराने अधिक माग व अधिक चात्या सांभाळाव्या, अशी नवी योजना मालकांनी पुढे आणली होती. नारायण मल्हार जोशी यांचा मवाळ संघ आणि त्याच वर्षी निघालेली गिरणी कामगार युनियन यांनी एकत्र समिती करून हा संप चालविला. पुढे मार्च १९२९ मध्ये श्रीपाद अमृत डांगे प्रभृती पुढाऱ्यांना मीरत खटल्यात पकडण्यात आले. त्याच वर्षीचा दुसरा संप फसला आणि कामगारांची संघटना मोडकळीस आली. ही घटना नेमक्या त्या वेळी घडली हे दुर्दैवाचे होते. कारण १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि जगावर अशी मंदी आली की तिच्यापुढे मागील सर्व मंद्या किरकोळ वाटाव्या. सर्वांत मोठे वादळ आले, त्या वेळी मुंबईच्या कामगाराचे छप्पर आधीच उडालेले होते.

या मंदीत शेतमालाचे भाव सर्वांआधी आणि सर्वांत खोल उतरले. कापसाचा भाव काही वर्षांत निम्म्याच्या आसपास आला. खानदेश, वऱ्हाड व त्यांच्या लगतच्या प्रदेशांतील आखूड धाग्याचा कापूस मुंबईच्या बाजारात ‘उमरा’ या नावाने ओळखला जाई, आणि त्याचे मोठे गिऱ्हाईक जपान होते. इकडे जपानने आपल्या चलनाचा भाव उतरवून स्वस्त कापडाचा लोंढा हिंदुस्थानात सोडला. त्याला अडविण्यासाठी सरकारने १९३३ च्या जूनमध्ये ब्रिटिशेतर कापडावरील जकात शेकडा ७५ पर्यंत चढविली. जपानच्या गिरणीवाल्यांनी उलट हिंदी कापसावर बहिष्कार पुकारला. मुंबईच्या गिरणीला दिलासा देणारी जकात अशा रीतीने कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या मुळावर आली. १९३४ च्या जानेवारीत उभय देशांत समेट झाला. त्यात जपानने हिंदी कापसाच्या जितक्या गाठी घ्याव्या, त्या प्रमाणात त्याचे कापड येथे येऊ द्यावे असे ठरले. शेतकरी व गिरणी यांची भाग्ये किती घट्ट बांधली गेली होती, याचा याहून स्पष्ट दाखला क्वचितच मिळेल.

गिरण्यांची स्थितीही कठीण होती, हे नाकारण्याचे कारण नाही. कित्येक गिरण्यांना कुलपे लागली आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. ज्या चालू राहिल्या, किंवा काही काळ बंद राहून पुन्हा उघडल्या, त्यांनी १९३३ पासून महागाई भत्त्यावर कात्री चालविली. यात एकसूत्रीपणा नव्हता. कपात किती करावी हे ज्या त्या गिरणीने आपापल्या मर्जीने ठरविले. त्यामुळे एकाच रस्त्यावरील दोन गिरण्यांत, एकाच प्रकारच्या मागावर, एकाच प्रतीचे कापड काढणारे दोन विणकर निरनिराळा पगार घेऊ लागले. जी गिरणी अधिक कापील तिचा माल स्वस्त. मग शेजारची गिरणीही कापणार, आणि पहिलीला पुन्हा कापण्याचा मोह होणार. अशा उताराला तळ नसतो. दर ठरविताना कामगारांशी बोलणी करावी, असा प्रघात नव्हता. दारावर चिकटविलेली नोटीस हाच करार, आणि ज्याला ती मान्य नसेल त्याला दार मोकळे.

मालकांचा मुख्य युक्तिवाद असा की, भत्ता महागाईसाठी दिला होता; आता महागाई उरली नाही, धान्य युद्धापूर्वीच्या भावाला आले, तेव्हा भत्त्याचे प्रयोजन संपले. वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. जीवनमानाचा निर्देशांक १९१४ च्या पातळीजवळ येऊन ठेपला होता, हेही खरे आहे. परंतु त्यात दोन गोष्टींचा विसर पडतो. पहिली गोष्ट कर्जाची. शाही मजूर कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात नमूद केले होते की, बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोन तृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत आणि त्यांचे कर्ज बहुधा तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे. जोंधळ्याचा भाव उतरला म्हणून पठाणाचे वा मारवाड्याचे मुद्दल उतरत नाही. महागाईत काढलेले शंभर रुपये स्वस्ताईत शंभरच फेडावे लागतात, आणि ते फेडण्यासाठी आता अधिक दिवसांची मजुरी लागते.

दुसरी गोष्ट अधिक मार्मिक आहे. मुंबईत धान्य स्वस्त झाले, याचा अर्थ गावी ते मातीमोलाने विकले गेले. परळच्या खानावळीतील भाकर ज्या कारणाने स्वस्त झाली, त्याच कारणाने त्या कामगाराच्या भावाला गावी शेतसारा भरता येईना. सारा रोख रुपयांत द्यावयाचा. पीक निम्म्या भावाने गेले की साऱ्यासाठी दुप्पट पीक विकावे लागे. अशा वेळी गावची नजर मुंबईच्या मनीऑर्डरीकडे लागे. स्वस्ताईचे कारण दाखवून ज्या पगाराला कात्री लागली, त्याच पगाराची गरज त्या स्वस्ताईने वाढविली होती. शिवाय शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही, कामगाराच्या हाती पैसा नाही, मग गिरणीचे धोतर आणि लुगडे घेणार कोण? पगार कापून प्रत्येक गिरणी आपला खर्च वाचवू पाहत होती. सर्व मिळून मात्र आपलेच गिऱ्हाईक मारीत होत्या.

कपातीचा भार सर्वांवर सारखा पडला नाही, हेही सांगितले पाहिजे. विणखात्यात पगार बरा होता. परंतु धागा तोंडाने ओढून धोट्यात ओवावा लागतो, म्हणून विटाळाचे निमित्त करून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तेथे प्रवेश नसे. कमी पगाराच्या खात्यांतच ते कोंडलेले राहत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय निर्भीडपणे मांडला होता. ज्याचा पगार मुळातच तुटपुंजा, त्याला चार आण्यांची कपातही पोटावर मारल्यासारखी. वाइंडिंग खात्यातील बायकांची स्थिती अशीच. मंदीच्या काळात त्यांची संख्या घटत गेली आणि उरल्या त्या नायकिणीच्या मर्जीवर. सर्वांत वाईट दशा बदलीवाल्यांची. रोज पहाटे गिरणीच्या दाराशी उभे राहावे, कोणाचा खाडा झाला तर आत जावे, नाही तर परतावे. महिन्यातील निम्मे दिवस काम मिळाले तरी नशीब. त्यातून काम मिळण्यासाठी जॉबरचा हात ओला करावा लागे तो वेगळाच. याशिवाय खराब निघालेले कापड विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून वळती करण्याची चाल होती. एका दिवसाच्या खाड्यासाठी दोन दिवसांचा पगार कापण्याचा प्रकारही कोठे कोठे चाले. नोटिशीतील कपात दिसत होती. न दिसणारी कपात या वाटांनी होत होती.

१९३४ च्या एप्रिलच्या २३ तारखेस सार्वत्रिक संप सुरू झाला. कापलेला भत्ता परत मिळावा ही त्यातील मुख्य मागणी. परंतु १९२५ सालची परिस्थिती आता उरली नव्हती. बंद गिरण्यांतील हजारो बेकार काम शोधीत फिरत होते, वाणी उधारी देण्यास कचरत होता, पुढारी एकामागून एक तुरुंगात जात होते. जूनअखेर संप मावळला. कामगार परत गेले ते कापलेल्या पगारावर. त्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा दारांशी जमलेल्या माणसांच्या मनात काय असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. काम मिळाले याचा आनंद आणि हरलो याची बोच या दोन्ही भावना एकाच छातीत नांदत असतील. सरकारने त्याच वर्षी तंटे मिटविण्यासाठी समेटाचा कायदा केला आणि कामगारांची गाऱ्हाणी मांडण्यासाठी सरकारी अधिकारी नेमण्याची तरतूद केली. तो अधिकारी गाऱ्हाणे ऐके. कापलेला भत्ता परत देण्याची शक्ती मात्र त्याच्यापाशी नव्हती.

याच काळात दुसऱ्या एका वर्गाचाही पगार कापला गेला होता, आणि तुलनेसाठी तो प्रसंग मोलाचा आहे. हिंदुस्थान सरकारने १९३१ च्या अखेरीस आपल्या नोकरांच्या पगारात शेकडा १० कपात केली. ती तात्पुरती आहे असे आरंभीच सांगितले गेले. १९३३ मध्ये निम्मी कपात रद्द झाली व १९३५ मध्ये उरलेलीही संपली. इंग्लंडातही १९३१ च्या सप्टेंबरात आरमाराच्या पगाराला कात्री लागली. ती वरिष्ठांना शेकडा १० आणि काही खालच्या खलाशांना शेकडा २५ अशी विषम होती. तेव्हा इन्व्हर्गॉर्डनच्या बंदरात खलाशांनी जहाजे हलविण्याचे नाकारले आणि सरकारला सर्वांची कपात शेकडा १० वर आणावी लागली. दिल्लीच्या कारकुनाची कपात तारीख घेऊन आली आणि तारीख घेऊन गेली. इंग्रज खलाशाची कपात निदान सारखी झाली. मुंबईच्या विणकराच्या कपातीला ना प्रमाण होते, ना मुदत.

ही मुदत पुढे निराळ्या मार्गाने आली. १९३७ साली प्रांतिक स्वायत्ततेखाली बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ मुंबई इलाख्यात अधिकारावर आले. त्याने जयरामदास दौलतराम यांच्या अध्यक्षतेखाली गिरणी कामगारांच्या पगाराची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. वैकुंठलाल मेहता आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ हे तिचे सभासद होते. समितीने १९३८ च्या फेब्रुवारीत अंतरिम अहवाल दिला आणि पगारवाढीची शिफारस केली. ही वाढ चढत्या-उतरत्या श्रेणीने आखलेली होती. ज्याचा पगार कमी त्याला रुपयामागे अधिक आणे, ज्याचा अधिक त्याला कमी. गिरण्यांनी ती अमलात आणली. कपातीचा काही भाग तरी अशा रीतीने भरून निघाला. दरम्यान १९३६ च्या पगारवाटपाच्या कायद्याने दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली आणि पगार ठरावीक दिवसांत देण्याचे बंधन आणले. न दिसणारी कपात दिसू लागली, ती या कायद्याने. मात्र याच मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये संपाच्या हक्कावर निर्बंध आणणारा कायदा केला, तेव्हा आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने व डाव्या पुढाऱ्यांनी ७ नोव्हेंबर रोजी एक दिवसाचा संप पुकारला. देणारा हात आणि आवरणारा हात एकाच सरकारचे होते.

येथे कोणी म्हणेल की, हा सर्व जुना इतिहास झाला. परंतु इतिहासाची ही वाट पुढेही त्याच वळणांनी गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी पुकारलेला संप रीतसर मिटलाच नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. अनेक कुशल विणकर भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले. तेथे कामाचे तास अधिक, पगार कमी, आणि गिरणीत पिढ्यांनी मिळविलेली भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस यांची हमी नाही. १९३४ सालचा विणकर आपल्याच गिरणीत कमी पगारावर परतला होता. १९८२ नंतरच्या विणकराला परतण्यासाठी गिरणीच उरली नाही.

जालन्याचेही रूप पालटले. १ मे १९८१ रोजी तो स्वतंत्र जिल्हा झाला. बियाण्यांच्या धंद्याने आणि लोखंडी सळयांच्या कारखान्यांनी त्याचे नाव दूरवर गेले. एके काळी जेथील माणसे पोटासाठी बाहेर जात, तेथे आता मध्य प्रदेश, बिहार, उत्तर प्रदेश येथील मजूर भट्ट्यांपुढे उभे राहू लागले. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे देशभर टाळेबंदी झाली आणि एका रात्रीत काम थांबले. मे महिन्यात मध्य प्रदेशातील शहडोल व उमरिया भागांतील काही मजूर जालन्याहून पायी निघाले. गावी नेणारी गाडी गाठावी एवढाच त्यांचा हेतू. रेल्वेच्या रुळांवरून चालत चालत ते थकले आणि गाड्या बंद आहेत या समजुतीने रुळांवरच निजले. ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ मालगाडी त्यांच्यावरून गेली आणि १६ जण ठार झाले. त्यांच्याजवळच्या भाकरी रुळांवर विखुरल्या होत्या. जालन्याच्या कापसाच्या गाठी १९०० सालापासून ज्या मार्गाने मनमाडकडे गेल्या, तोच हा मार्ग. कामावर परत यावे की न यावे, कमी पगार घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्न त्यांच्यापुढे येण्याचीही वेळ राहिली नाही.

मंदी ही पावसाप्रमाणे कोणाच्या हातची नसते, असे म्हणतात. आणि क्वचित् प्रसंगी पगार कमी घेण्यावाचून गत्यंतर नसते, हेही मान्य करावे लागेल. बंद गिरणीतील पूर्ण पगारापेक्षा चालू गिरणीतील कमी पगार बरा, हे कामगाराला कोणी शिकविण्याची गरज कधीच पडली नाही. परंतु वरील प्रसंगांतून तीन प्रश्न निघतात आणि ते प्रत्येक कपातीला विचारता येण्याजोगे आहेत. कपात कोणी ठरविली? ती सर्वांवर सारखी आहे काय, की ज्याचे ताट आधीच लहान त्याच्याच ताटातून घास उचलला आहे? आणि ती संपणार केव्हा? अहमदाबादच्या कामगाराला पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते, म्हणून सहा वर्षांनी का होईना, त्याचा काही पैसा परत आला. इन्व्हर्गॉर्डनच्या खलाशाने दुसरा प्रश्न विचारला. दिल्लीच्या कारकुनाला तिसऱ्याचे उत्तर आधीच मिळाले होते. १९३४ च्या मुंबईकर विणकराला तिहींपैकी एकाचेही उत्तर कोणी दिले नाही, आणि त्यासाठी त्याला चार वर्षे थांबावे लागले. मंदीनंतर भोंगा पुन्हा वाजतो ही आनंदाची गोष्ट खरीच. तो वाजल्यावर आत शिरणाऱ्या माणसाच्या हाती काल किती होते आणि आज किती आहे, याची नोंद ठेवणे हे समाजाचे काम आहे. ज्या कपातीची नोंद राहते, ती कधी तरी परत मागता येते.